पितळखोलीतला पंचांचा गंज

भाऊजी, आज पुन्हा तुमच्यासाठी फोन आला. माझ्या दुकानात उत्पन्नाच्या दाखल्यांची रांग लागलेली, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला, आणि खांद्याला मान वाकडी करून धरलेला फोन. पलीकडून एक गृहस्थ म्हणाले, "पितळखोलीवाले साहेब आहेत का?" मी म्हटलं, ते गेले. ते म्हणाले, "बरं बरं, मग संध्याकाळी करतो." "करा," म्हटलं आणि ठेवून दिला. संध्याकाळी त्यांनी खरंच केला, भाऊजी. मग मला सगळं नीट सांगावं लागलं, आणि त्यांचं सांत्वनही मलाच करावं लागलं.

ही तुमचीच कृपा. तुमच्या जुन्या भांड्यांच्या साइटवर नंबर कोणाचा टाकायचा यावर आपलं भांडण झालं होतं. "तुझाच टाक, शालू. मले दुकानात गिऱ्हाईक राहते." जसं काही मी मोहाडीला तहसीलसमोर माशाच मारत बसले होते! पण मेहुणीला राबवून घेण्याचा हक्क तुम्ही लग्नाच्या मांडवातच घेतला होता, आणि मीही तो कधी नाकारला नाही. आता तुम्ही नाहीत, आणि जुन्या वस्तूंची हौस असलेली अख्ख्या देशातली माणसं माझ्या कानाशी बसली आहेत. कोणाला तांब्या विकायचा आहे, कोणाला तुमची सगळी खोलीच उचलून न्यायची आहे. दमून गेले आहे मी.

तुमच्या पवनीच्या दुकानात पुढे स्टीलचे डबे, कुकर, वरातीला द्यायचे ताटांचे सेट, आणि मागे ती खोली. लोक जुनी पितळ मोडीत आणून टाकायचे आणि चकचकीत स्टील घेऊन जायचे. धंद्याच्या हिशेबानं ती मोड भट्टीकडे जायला हवी होती. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर तेच केलं. तुमच्या हातून मात्र ते झालं नाही. पाणी भरायचा एखादा गुंड, एखादं घंगाळ बाजूला निघायचं, "हे राहू दे" म्हणून. राहू दे राहू दे करता करता खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि ताईनं त्या खोलीचं नाव पितळखोली ठेवलं. रागानंच ठेवलं होतं. तुम्ही तेच साइटला दिलं.

साइटचं खूळ तुमच्या डोक्यात माझ्याच दुकानात शिरलं. कुठल्याशा कामाला आला होतात, लाइट गेली होती, आणि ती आल्यावर मी सहज तुम्हाला एका माणसाची साइट दाखवली. त्यानं फक्त जुनी कुलपं जमवलेली, आणि प्रत्येक कुलपाखाली पान पान भर लिहिलेलं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात ते उठायलाच तयार नाही. मग कंदील जमवणाऱ्याची साइट सापडली, अडकित्त्यांची सापडली, एक परदेशातली किटल्यांची सापडली; तिच्यातलं अक्षर कळत नव्हतं तरी तुम्ही सगळी चित्रं पाहिलीत. "हे आपल्यासारखेच येडे आहेत बापा," म्हणालात. इतका आनंद मी तुमच्या तोंडावर ताईच्या लग्नातही पाहिला नव्हता. हे मी ताईला सांगितलं होतं. तिनं मान्य केलं.

तुमची साइट कुरूपच झाली, ते आता सांगून टाकते. मागे झेंडूसारखा भडक रंग तुम्हीच निवडलात, त्याच्यावर पिवळ्या पितळेचे फोटो, म्हणजे दिसायला काहीच नको. वर "सुस्वागतम" उघडझाप करणारं. मी किती वेळा म्हटलं, पांढरं करू. "पांढरं कायले? कोणी मेलं का?" तुमचं उत्तर ठरलेलं. परवा मी रंग बदलायला बसले होते. तुमचं ते वाक्य आठवलं आणि हात थांबला. झेंडू तसाच ठेवला आहे.

बाकी साइटींवर वस्तूचं माप इंचात असतं, सेंटिमीटरमध्ये असतं. तुमच्याकडे भातात. "दोन पायलीचा गंज." "अर्ध्या पायलीची डेगची." तांदूळ मोजून, त्याला फुगायला जागा धरून, खोलीत मांडी घालून तुम्ही अंदाज काढायचात आणि मला फोनवर सांगायचात. गंज म्हणजे आपल्याकडे मोठं पातेलं, हे पुण्याच्या लोकांना समजावता समजावता माझी दमछाक व्हायची. त्यात पायली म्हणजे धान्याचं जुनं माप, हे वेगळं सांगायचं. त्यांनी उंची विचारली की तुम्ही चिडायचात. "भांड्याची उंची कोण पायते? त्यात किती लोक जेवतात ते पायतात." हे तुमचंच बोलणं, भाऊजी. लक्षात ठेवा. पुढे मी ते तुमच्यावरच उलटवणार होते.

हात न लावण्याचा नियम मात्र तुम्ही त्या बाहेरच्या मंडळींकडून उचललात. जुन्या वस्तूवर जो काळपट थर चढतो तेच तिचं वय, तो घासायचा नाही, उजळायचा नाही, असं ते सगळे लिहितात आणि त्यावरून एकमेकांशी भांडतात. तुम्हाला ते फार पटलं. ताईच्या हातात चिंच दिसली की तुमचा जीव वरखाली व्हायचा. दर दिवाळीला ती राखुंडी आणि चिंचेचा गोळा घेऊन पितळखोलीच्या दारात उभी राहायची आणि तुम्ही आडवे हात करून उभे. "एकाले हात लावशील तं पाय!" ज्या बाईच्या माहेरी घासलेल्या पितळेत तोंड दिसायचं, तिच्या घरात खोलीभर काळी भांडी. तिनं सहन केलं. मी तिच्या जागी असते तर तुम्ही दुकानात गेल्यावर एक तरी घासून ठेवलं असतं.

आणि मग तो गंज आला, पंचांचा.

भंगारवाल्याच्या हातगाडीवर तो पालथा पडलेला तुम्हाला दिसला आणि तुम्ही दुकान उघडं टाकून त्याच्या मागे गेलात. दोघांशिवाय न उचलला जाणारा, जाड कानांचा. काठावर टोच्यानं ठिपके ठिपके पाडून लिहिलेलं, "समस्त पंच, नदीमोहल्ला, पवनी." नदीमोहल्ल्यातल्या मासेमार लोकांची ती सामायिक भांडी. कोणाच्याही घरचं लग्न असो की तेरवी, त्याच भांड्यांत शिजायचं. मग मांडव-भांडी पुरवणारी बिछायत केंद्रं आली, भाड्यानं ॲल्युमिनियम मिळायला लागलं, आणि मोहल्ल्यातल्याच कोणीतरी एक दिवस ही जड भांडी विकून टाकली. तुम्ही त्या गंजाचे किती फोटो काढायला लावलेत मला! कानांचे वेगळे, बुडाचे वेगळे, अक्षरांचे तर सकाळचे वेगळे आणि दुपारचे वेगळे. साइट उघडली की पहिला तोच. खाली तुमच्या शब्दांत, "माप: पाच पायली. सध्या कुठे: पितळखोली, पवनी."

ते पान मोहल्ल्यातल्या कोणाच्या तरी मोबाइलवर पोचलं आणि सुकरामकाका तुमच्या दुकानात आले. मी त्या दिवशी तिथेच होते. म्हातारा माणूस, उभ्या आयुष्यात नदी आणि तलाव सोडून कुठे न गेलेला. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"शेठ, तो गंज आमचा व्हय."

"मी भंगारातून घेतला, काका."

"तुमी घेतला, बरोबर. पन आमी इकला नाही जी. इकनारा इकून गेला. नाव तं आमचंच आहे त्याच्यावर." मग म्हणाले, "अन् तुमी पाच पायली कायले लिवलं? सात पायलीचा आहे तो. मी त्याच्यात शिजवलेला भात वाढलो आहो."

तुम्ही गंजाचं सोडून मापावर भांडत बसलात. पाच की सात. मला हसूही येत होतं आणि रागही. शेवटी काकांनी सांगितलं की वर्षातून एकदा नदीकाठी साऱ्या मोहल्ल्याची पंगत असते, त्यासाठी तरी द्या. तुम्ही म्हणालात, पाहू. त्यानंतर ते जेव्हा जेव्हा आले तेव्हा तुम्ही "पाहू"च म्हणालात.

यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचे, देऊन टाका, ज्यांचं त्यांना. तुम्ही म्हणायचात, "देल्यावर काय होते मालूम आहे का? एक साल शिजवतील. काळा करतील, आपटतील. दुसऱ्या साली बिछायतवाल्याचं ॲल्युमिनियम आनतील अन् हा पुन्हा भंगारात. मंग कोन जाईल गाडीमागं? मी सदाच राहीन का?" मी म्हणायचे, "भांड्याचं माप भातात सांगता आणि भाताला त्यात जाऊ देत नाही. मग इंचातच लिहा ना!" तुम्ही उठून पुढे गिऱ्हाइकाकडे जायचात आणि मला वाटायचं, जिंकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू. खरं सांगू? तुमचं म्हणणं सगळं चूक नव्हतं. एकदा विकलं गेलेलं पुन्हा विकलं जाऊ शकतं. हे मी तेव्हा तुमच्यासमोर कबूल केलं असतं तर तुम्ही चहा पाजला असता. पण तुमच्यासमोर हरायचं म्हणजे वर्षभर ऐकून घ्यायचं.

मग तो शेवटचा फोन. "गंजाचं पान बदलवाचं आहे, शालू."

"काय बदलायचं? सांगा, आत्ताच करते."

"फोनवर नाही. तू ये. समोर बसून सांगतो."

"रविवारी येतेच आहे," म्हटलं. रविवार यायच्या आधी तुम्ही गेलात. दुकानात बसल्या बसल्या, गिऱ्हाइकाला झाकण बसवून दाखवता दाखवता.

भाऊजी, काय बदलायचं होतं? माझ्या डोक्यातून ते जातच नाही. गंज परत द्यायचं ठरवलं होतंत का? की कोणी मागू नये म्हणून पानच काढून टाकायला सांगणार होतात? की सुकरामकाकांना खोटं पाडायला कुठलं नवं माप काढलं होतंत? तुमच्या बाबतीत तिन्ही शक्य आहे. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला मी इतकी वर्षं ओळखते, पण या एका गोष्टीत तुमचा कौल कुठे पडला असता ते छातीठोक सांगता येत नाही. फोनवर एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुम्हाला?

ताईला विचारलं. ती म्हणाली, "मले काही बोलले नाही. तुलेच बोलत होते ते सारं. आता तूच ठरव." तिच्या आवाजात रुसवा नव्हता, पण मला लागलं ते. तिचा नवरा, आणि त्याचं शेवटचं मनातलं माझ्याकडे अर्धं राहिलेलं. तेही पितळेबद्दल.

सुकरामकाका भेटायला आले. सोबत मोहल्ल्यातली दोन माणसं होती. या वेळी बसले. नदीला पाणी किती आहे ते बोलले, तुम्ही दुकानात गरिबालाही खुर्ची द्यायचात ते बोलले. गंजाचा शब्द काढला नाही. चहा झाला, उठायला लागले, तरी नाही. ताई दाराशी होती. तिलाच राहवलं नाही.

"काका, गंज घेऊन जा तुमचा."

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आत्ता नाही, बाई. शेठची तेरवी होऊ द्या. एवढे साल त्यायनं जपला, तं त्यायच्याच नावाचा भात पयले शिजू द्या त्याच्यात. मंग नेऊ आमी."

ताई आत निघून गेली. जो माणूस तुमच्या दारातून इतक्यांदा हात हलवत परत गेला, तो आपला गंज तुमच्या तेरवीला देऊन जात होता, आणि त्या वेळी गंज अजून तुमच्याच खोलीत होता. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? बहुतेक, सात पायली नाही हं, पाचच.

पण शिजवायचं म्हणजे कल्हई हवी. आतून नुसती उघडी पितळ, त्यात अन्न कळकलं असतं. आणि कल्हईवाला कुठे मिळतो आता? मी चौकशी करून थकले. शेवटी तुमच्याच साइटवर लिहिलं: "पंचांच्या गंजाला कल्हई करायची आहे. भंडाऱ्याच्या आसपास कोणी कारागीर असल्यास कळवावे." तुम्ही गेलात हेही त्याच पानावर पहिल्यांदा लिहिलं. मग काय, तुमची सगळी वेडी जमली. कितीतरी जणांनी चार ओळी लिहिल्या. कुलपंवाल्यानं लिहिलं, ते वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि रडले. आणि एका महाशयांनी, तुम्हाला श्रद्धांजली वाहून झाल्यावर त्याच दमात, मला झापलं: कल्हई केल्यास वस्तूचं जुनेपण कायमचं नष्ट होईल, खुद्द साहेबांनी हे कधीही होऊ दिलं नसतं. त्यांचं बरोबरच होतं. मी उत्तर लिहिलं, "साहेबांच्याच तेरवीचा भात आहे." कंदीलवाल्यानं भंडाऱ्याच्या एका कारागिराचा पत्ता दिला. तुमच्या पितळेच्या गावचा माणूस मला कुठल्या दूरच्या कंदीलवाल्याकडून कळावा, ही तुमच्या साइटची करामत.

कल्हईच्या आधी गंज घासायला हवा होता. मी बाई लावते म्हटलं. ताई म्हणाली, "कोनी नको." तिनं पितळखोली उघडली. आडवे हात करून उभं राहणारं दारात कोणी नव्हतं. आम्ही दोघींनी ओढत ओढत गंज अंगणात आणला, आणि ती चिंच आणि राख घेऊन बसली. इतके दिवस लोकांसमोर जेमतेम डोळे पुसणारी बाई, पहिला पट्टा पिवळा निघाला तशी हमसून रडली. हात मात्र थांबला नाही. रडत होती आणि घासत होती. मध्येच म्हणाली, "पाय, कसा निघून राह्यला! अन् म्हने हात लावू नको." मला उगाच वाटत होतं, त्या काळपटाखाली पंचांच्या नावाशिवाय आणखी काही लिहिलेलं निघेल. काही निघालं नाही. पोचे निघाले, भरपूर.

कल्हईवाल्यानं अंगणात भट्टी लावली. नवसागराचा पांढरा धूर झाला, कापसाच्या बोळ्यानं त्यानं कथील फिरवलं, आणि गंज आतून चांदीसारखा झाला. तेरवीच्या सकाळी मोहल्ल्यातली माणसं आली, अंगणात चर खणून चूल केली. गंज उचलणार तोच ताई म्हणाली, थांबा. तिनं माती भिजवली आणि बुडाला हातानं जाड लेप दिला, आमची आई द्यायची तसा, म्हणजे काजळी मातीवर बसते आणि माती धुतली की भांडं पुन्हा पिवळं. "ते सदा म्हनायचे, काळा करतील," ती म्हणाली. "घ्या, नाही होत काळा." हे ती तुम्हालाच म्हणाली, भाऊजी. बाकी कोणाला ते कळलं नाही.

भात झाला. सुकरामकाकांनी स्वतः वाढला. आणि मापाचं सांगते. सहा पायली तांदूळ घातला तेव्हा भात काठाला आला. ना तुमचे पाच, ना काकांचे सात. काका गंजाकडे पाहत म्हणाले, "शेठ असते तं मानले नसते." मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठे मानता?" ते हसले, आणि मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

गंज धुऊन, उलटा वाळवून, बांबूला बांधून ते घेऊन गेले. बुडाला एवढासाही डाग नव्हता. दारापर्यंत ताई गेली. पितळखोलीत आता त्या जागी मोठा गोल मोकळा आहे. तिथली फरशी कुठल्या रंगाची आहे ते आम्हाला पहिल्यांदा कळलं.

पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. कदाचित तुमचंच खरं होईल, आणि तो गंज पुन्हा कुठल्या हातगाडीवर पालथा पडेल. तसं झालं तर गाडीमागे धावणारं कोणी नाही. मी धावणार नाही, माझे गुडघे दुखतात. साइट मात्र बंद करणार नाही. करायचं ठरवलं होतं, खरं सांगते. या फोनांचा वीट आला आहे. पण तुमच्या त्या भडक झेंडूवर बसून रात्रंदिवस भांडणाऱ्या माणसांनी मला कल्हईवाला मिळवून दिला. त्यांना हाकलून मी कुठे पाठवू?

काल दुकानातली गर्दी ओसरली तेव्हा गंजाचं पान उघडलं. तुम्ही म्हणाला होतात, बदलायचं आहे. मग बदललं. घासलेल्या गंजाचा एक फोटो टाकला. काळा होता तोही ठेवला, तुमच्यासाठी. माप: सहा पायली. त्याच्या खालची ओळ, "सध्या कुठे: पितळखोली, पवनी", खोडली. तिथे काय लिहायचं यावर बराच वेळ अडले. नदीमोहल्ला लिहिलं आणि पुसलं. परत दिला, असं लिहिलं आणि तेही पुसलं. शेवटी लिहिलं, "सध्या कुठे: चुलीवर."

तुम्हाला दुसरंच काही बदलायचं असेल, तर फोनवरच सांगायचं होतंत, भाऊजी. मी तेव्हाच केलं असतं.